सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत साप चावला तर

सोंगताना एका हाताने बुंधा धरायचा, दुसऱ्याने विळा चालवायचा. नजर विळ्यावर, आणि बुंध्याशी काय वेटोळं घालून बसलंय ते दिसत नाही. कापलेला माल गंजीत पडला की दाण्याला उंदीर येतात, उंदरांमागे साप. म्हणून गंजी हलवण्याआधी काठीने ठोका, पेंढी थेट कवेत घेऊ नका. पायात गमबूट, रात्री बॅटरी. राखणीला खळ्यावर झोपायचं तर बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच, कारण मण्यार बहुतेकदा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश कित्येकदा दिसतही नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड, एवढंच कळतं. पित्त म्हणून गोळी देऊन निजवू नका.

आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. दवाखान्यातलं प्रतिविषाचं इंजेक्शन चौघांवरही चालतं. त्यामुळे सापामागे धावू नका, मारून पिशवीत तर अजिबात घालू नका. मेलेल्या सापाच्या तोंडूनही दंश होतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

चावलेल्या माणसाला आडवं करा, धीर द्या, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा; सूज चढली की ते मांसात रुततात. चावलेला हात किंवा पाय फळीला नाहीतर सरळ काठीला उपरण्याने बांधा, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा, पण खालून बोट सहज जाईल इतकं सैल. करकचून दोरी बांधायची नाही. घोणस-फुरश्याच्या विषाने मांस सडतं आणि आवळल्यावर ते विष एकाच जागी साठतं. कुणी आधीच आवळलं असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडू द्या. ब्लेड मारणं, चोखणं, बर्फ, मिरची खायला घालून चव विचारणं, सगळं बंद. भगताकडे बरे झालेले बहुतेक धामण-दिवडासारख्या बिनविषारी सापांचे असतात किंवा विष अंगात गेलंच नाही अशा दंशाचे, हे जाहीर बोलायला गावात कुणी तयार नसतं.

१०८ ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर मोटारसायकलवर रोग्याला मधे बसवून मागे धरायला एक जण घ्या. निघतानाच ग्रामीण रुग्णालयात फोन करून इंजेक्शन आहे ना, विचारा. बोलणं अडखळलं, लाळ गिळेना, तर डाव्या कुशीवर वळवा. पाणी, चहा काही देऊ नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. काहीच त्रास वाटत नसला तरी २४ तास दवाखान्यात थांबायचं. हातात काम आहे म्हणून दुपारीच घरी परतणारे बरेच असतात.

याच दिवसांत कपाशीवर फवारणीही चालू असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारताना घाम सुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं तर पंप उतरवा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला या. कपडे काढून अंग साबणाने धुवा; डोळ्यांत उडालं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. पोटात गेलं असेल तरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा आणि त्याचं माहितीपत्रक पिशवीत घालून न्या, कारण उतारा कुठला द्यायचा ते त्यावर छापलेलं असतं.