मधुमेही पायाच्या जखमेत पाय गमावण्याचा धोका कसा तपासावा

उसाच्या फडात किंवा जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चालताना जखम झालेला मधुमेही माणूस दवाखान्यात आला की पहिल्यांदा बहुधा हेच सांगतो, "दुखत काहीच नाही, डॉक्टर." कोल्हापूर परिसरात रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येकाने या वाक्यालाच धोक्याची खूण मानावे, कारण ज्या पायातील संवेदना गेली आहे, तो पाय कुजेपर्यंत तक्रार करत नाही.

आधी दोन्ही चपला काढायला लावाव्यात आणि पट्टी पूर्ण सोडावी. पट्टीवरून पाहून केलेल्या तपासणीला मी तपासणी मानत नाही. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर घट्टा असेल आणि त्याच्या मध्यावर शाळूच्या दाण्याएवढे भोक दिसत असेल, तर ते लहान समजू नये. घट्टा खरवडल्यावर खाली पोकळी आणि पू सापडणे नित्याचे आहे. निर्जंतुक बोथट सळी हलकेच आत घालावी. ती कठीण, खरबरीत भागाला टेकली, तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याचा संशय धरून एक्स-रे काढावा.

त्यानंतर रक्तपुरवठा पाहावा, कारण पाय वाचेल की नाही हे बहुतांशी त्यावरच ठरते. पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन्ही नाड्या बोटांनी चाचपाव्यात. त्या लागत नसतील तर डॉपलरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागावे आणि गुणोत्तर काढावे. ते 0.9 पेक्षा कमी असल्यास रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत असे समजावे. मात्र मधुमेहात त्यांच्या भिंतीत चुना (कॅल्शियम) साठून त्या कडक होत असल्याने 1.3 च्या पुढचा आकडा दिलासा देणारा नसून फसवा असू शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा. तो पाऱ्याच्या 30 मिमीपेक्षा कमी आला तर जखम आपोआप भरण्याची आशा न धरता रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे तातडीने पाठवावे.

संसर्गासाठी जखमेभोवतीची लाली मोजपट्टीने मोजावी. ती 2 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल किंवा पू खोलवर असेल तर संसर्ग साधा नाही. ताप नसणे हा पुरावा धरू नये. अनेकांत अचानक हाताबाहेर गेलेली साखर एवढेच लक्षण असते. काळे पडलेले बोट, दुर्गंधी, दाबल्यावर त्वचेखाली कुरकुर असा आवाज, थंडी-ताप किंवा मिनिटाला 90 च्या वरची नाडी दिसल्यास गगनबावड्याहून असो वा शाहूवाडीहून, त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

जखमेची खोली, रक्तपुरवठा आणि संसर्ग या तिन्हींना 0 ते 3 गुण देऊन एकत्र धोका ठरवणारी डब्ल्यूआयएफआय पद्धत 2014 साली मांडली गेली. एकट्या जखमेच्या आकारावर विसंबण्यापेक्षा ती मला अधिक प्रामाणिक वाटते. पूर्वी बोट काढलेले असणे, डायलिसिस, विडी-तंबाखू यांची नोंद मात्र स्वतंत्रपणे करावी, कारण त्यांच्यामुळे धोका आणखी वाढतो.

प्रत्येक भेटीत जखमेची लांबी-रुंदी तारखेसह केसपेपरवर लिहावी. योग्य ड्रेसिंग आणि पावलावरचा भार काढूनही 4 आठवड्यांत क्षेत्रफळ निम्मे झाले नाही, तर मलम बदलत न बसता नाडीपासून पुन्हा तपासणी सुरू करावी.