उपास-प्रार्थनेचा दिवस: दुपार कशी सांभाळावी

उपास-प्रार्थना म्हणजे आम्ही ख्रिस्ती लोक जेवण सोडून देवापाशी प्रार्थनेत बसतो तो दिवस. पहिल्यांदाच ती धरणाऱ्याला हमखास दोन सल्ले मिळतात. एक, ‘धरायचाच तर तीन दिवसांचा धर.’ दुसरा, ‘दिवसभर कामात राहा, भूक कळतसुद्धा नाही.’ दोन्ही ऐकू नका. पहिला ऐकलात तर दुसऱ्या दिवशी अंथरूण धराल. दुसरा ऐकलात तर उपास घडेल, प्रार्थना राहून जाईल. भूक कळावी म्हणूनच तर जेवण सोडायचं असतं.

एकच दिवस धरा. रात्री जेवलात की थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पाणी भरपूर प्या. दोन दिवस आधीपासून चहा कमी करा. अकरा वाजता कपाळ ठणकतं ते बहुतेकदा चहा तुटल्यामुळे. मधुमेहाचं औषध चालू असेल, पोटात किंवा अंगावर बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नका.

आपल्याकडे उपास म्हटला की शेजारीण प्रेमाने साबुदाण्याची खिचडी घेऊन येते. तिचा मान ठेवा, पण आपल्या उपासात एका पदार्थाऐवजी दुसरा खायचा नसतो. जेवणच सोडायचं असतं. कॅथलिक लोकांना राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयापर्यंत उपास बंधनकारक आहे: एकदा पोटभर जेवण, आणखी दोनदा अगदी थोडं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत असा नियम नाही. म्हणून प्रार्थनेचा विषय आणि वेळ आदल्या रात्री स्वतः कागदावर लिहून ठेवा. विषय पाचच. पंचवीस लिहिलेत तर नुसती यादी वाचून होते.

सकाळ सोपी जाते. खरी गाठ पडते ती दुपारी एक ते तीनमध्ये, आणि मी वर्षानुवर्षं तिथेच हरत होते. घरच्यांसाठी स्वयंपाक चुकत नाही. लसणाची फोडणी तडतडली की पोटात खड्डा पडायचा, मग मी भांडी आपटत कामं उरकायची. एका शुक्रवारी मुलाने आमटी सांडली. मी त्याच्यावर अशी ओरडले की तो ताट तसंच टाकून उठून गेला. संध्याकाळी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय उघडला. भांडणतंट्यासाठी उपास करता, असं देव तिथे आपल्या लोकांना सुनावतो. ते मलाच होतं. त्या रात्री आधी मुलाची माफी मागितली, मग देवाची.

तेव्हापासून दुपारचा स्वयंपाक मी सकाळी नऊच्या आत उरकते आणि एक वाजता दार लोटून बसते. मनातल्या मनात प्रार्थना करू नका. उपाशी मन पाच मिनिटांत गॅसच्या नंबरावर जातं. आवाज काढा. बायबलमधलं स्तोत्र ६३ मोठ्याने म्हणा: कोरड्या, रुक्ष भूमीत देवाची तहान लागलेल्या माणसाचं आहे ते. मग कागदावरचं पहिलं नाव घ्या आणि त्या माणसासाठी नेमकं एकच मागा. ‘सगळ्यांचं भलं कर’ असं मोघम नको. ‘भावजयीला आज रात्री झोप लागू दे’ असं मागा. मध्येच गॅस आठवला तर कागदाच्या मागे ‘गॅस’ लिहा आणि परत नावावर या. गुडघे दुखले तर उभं राहा, फेऱ्या मारा. भुकेची कळ आली की पुढचं नाव घ्या. कळ थोड्या वेळाने ओसरते, तोवर नाव घेऊन झालेलं असतं.

सौदा मात्र करू नका. ‘मी उपाशी राहते, तू मुलाला नोकरी दे’ असं मी स्वतः मागितलेलं आहे. नोकरी लांबली तेव्हा देवावर रुसून महिनाभर बायबल उघडलं नाही. जेवण सोडून आपण देवाला बांधून घेत नाही. एरवी जेवणात जाणारा वेळ त्याच्यापाशी बसायला मोकळा होतो, एवढंच.

तीनला थांबा. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान मंदिरात निघाले होते तीही तिसऱ्या प्रहराची, प्रार्थनेची वेळ. त्यानंतर रोजची कामं करा. तोंड धुवा, केस विंचरा, कोणी आलं तर हसून बोला. उपास करताना तोंड उतरवून बसू नका हे प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय. आणि उपासाचा स्टेटस टाकू नका.

संध्याकाळी उपास सोडण्याआधी एक काम. आपल्या वाट्याचे तांदूळ आणि डाळ मी सकाळीच मापून पिशवीत बांधते. भुकेल्याला आपली भाकरी वाटून दे, हेही यशयाच्या त्याच अध्यायात आहे. ज्या घरी चूल पेटण्याची पंचाईत आहे तिथे ती पिशवी त्याच दिवशी पोचवा. परत आल्यावर उपकारस्तुती करा आणि मऊ भाताची पेज, वर चिमूटभर मीठ, एवढंच घ्या. मटण दुसऱ्या दिवशी.