पावसाळ्यात फोनवरचे पुराचे व्हिडिओ बघायचे कसे (आणि बघून झोपायचं कसं)

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मी डोंबिवलीत होते. आमची वाडी तिथून जवळच, आये घरात एकटी, लाईट गेलेली, फोन लागेना, आणि ग्रुपवर मात्र व्हिडिओवर व्हिडिओ, बाजारपेठेत पहिल्या मजल्याला टेकलेलं वाशिष्ठीचं लाल पाणी, गाड्या आगपेट्यांसारख्या वाहतायत, कोणीतरी पत्र्यावरनं हात हलवतंय. तिसऱ्या दिवशी फोन लागला. आमचं घर टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, पाणी तिथवर आलंच नव्हतं. आये म्हणाली, "माला काय झालाय, तू कशाला रडतेस?"

बरोबर होतं तिचं. पूर तिच्या दारापासून थोडक्यावर होता आणि महिनाभर डोळे मिटले की तो दिसत होता मला! तेव्हापासून या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत गेले, आणि दर पावसाळ्यात जे करते ते इथे लिहितेय. माझ्यासारखे चाकरमानी बरेच असतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, दचकणं आपल्या हातात नाही. मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर एकेक बदामाएवढा भाग असतो, अमिग्डाला, आणि महत्त्वाचं किंवा धोक्याचं काही दिसलं की हा बाकीच्या मेंदूला हाका मारतो. जोसेफ लडू नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवर आवाजाचे प्रयोग करून दाखवलं की धोक्याची खबर इथे दोन वाटांनी पोचते. एक डांबरी रस्ता, वळणावळणाचा, सगळी माहिती घेऊन येणारा, आणि दुसरी आपली पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, थेट घरामागे उतरणारी, माहिती अर्धवट पण पोचते आधी. माणसाच्या डोळ्यांसाठी अशी पाखाडी कितपत वापरात आहे यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालू आहेत, पण भावना हलवणारं चित्र मेंदू वेगळं काढतो यावर वाद नाही. डोक्याला इलेक्ट्रोड लावून बघितलं तर चित्र दिसल्यापासून साधारण ३०० ते ४०० मिलिसेकंदांत एक लहर उठायला लागते, ती साध्या खुर्चीच्या फोटोला लहान आणि प्रेताच्या फोटोला मोठी असते. गंमत म्हणजे गोड चित्रांनाही, म्हणजे प्रेमाबिमाच्या, ती मोठीच येते. मेंदूला आधी 'हे महत्त्वाचं आहे' एवढंच कळतं.

म्हणून "मी घाबरणारच नाही" असं ठरवून व्हिडिओ उघडू नका. अमेरिकेत एक बाई आहे, शास्त्रज्ञ तिला फक्त एस. एम. म्हणतात, आजारपणात तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झाले, तिला साप दाखवले, भुताच्या घरात नेलं, भीती म्हणून नाही. ऐकायला भारी वाटतं, पण खऱ्या आयुष्यात ती वारंवार धोक्याच्या प्रसंगांत सापडलीय. नकोच तसलं.

आपलं काम त्या अर्ध्या सेकंदानंतर सुरू होतं.

पहिलं अगदी साधं, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडून मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. मग धूसर चौकोन दिसतो आणि उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवता. उघडलंत तर छोटंच बघा, आडवा फोन धरून फुलस्क्रीन नको आणि टीव्हीवर तर टाकूच नका. फोटो जेवढा मोठा तेवढा अंगावर येतो, हे प्रयोगांत दिसलंय. स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट करायचा सल्ला खूप जण देतात, त्याचा विशेष उपयोग नाही, रंग काढले तरी मेंदू जवळपास तेवढाच हलतो.

आता खरं महत्त्वाचं. आमच्याकडे शिमग्याला संकासूर येतो, काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोर. लहानपणी मी त्याला बघून माजघरात पळायचे. मग एका वर्षी तोच संकासूर आमच्या पडवीत टोपी काढून चहा पिताना दिसला, म्हणजे आमचा शेजारचा काका, घामाने डबडबलेला, बशीत फुंकर मारत. पुढच्या वर्षी घुंगरं वाजली तेव्हा छातीत धडधडलं, पण पळाले नाही. चित्र तेच, अर्थ बदललेला. मानसशास्त्रात याला पुनर्विचार म्हणता येईल, जेम्स ग्रॉस यांनी यावर पुष्कळ काम केलंय, आणि अशा वेळी कपाळामागचा पुढचा मेंदू जास्त काम करतो आणि अमिग्डाला थंडावतो हे स्कॅनमध्ये दिसतं. नुसतं तोंड मख्ख ठेवून भावना दाबून धरली तर तसं होत नाही, आतली धडधड राहतेच, वर समोर काय बघितलं तेही नीट लक्षात राहत नाही. आपल्याकडे पुरुषमंडळी हेच करतात.

व्हिडिओला हे लावायचं कसं? स्वतःला प्रश्न विचारा, शूट कोण करतंय? म्हणजे तो माणूस कुठल्यातरी सुरक्षित गच्चीवर उभा आहे. पत्र्यावरच्या माणसाला नंतर काढलं का? दोर कोणाच्या हातात आहे? खोटं समाधान नकोय हां, खरंच दिसणारी दुसरी बाजू शोधायची. आणि जे वाटतंय त्याला नाव द्या, मोठ्याने म्हटलं तरी चालेल, "मला भीती वाटतेय, आयेची काळजी वाटतेय". वेडपट वाटेल, पण मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डालाची हालचाल कमी झालेली दिसली.

मग कडा बघा. भावनेने भरलेलं चित्र बघताना मधली गोष्ट घट्ट लक्षात राहते, वाहणारी गाडी, आणि आजूबाजूचं निसटतं, दुकानाची पाटी, पूल कुठला, तारीख काय. लॅरी काहिल आणि जेम्स मॅगॉ यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग केला, लोकांना अपघाताची गोष्ट चित्रांसकट दाखवली, काहींना आधी ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा परिणाम रोखणारी गोळी दिली, तर त्यांना गोष्टीतला हादरवणारा भाग इतरांपेक्षा कमी आठवला. म्हणजे घाबरलेलं शरीरच आठवण पक्की करतं. मला वाटतं म्हणूनच २०२१ चा व्हिडिओ दरवर्षी 'आत्ताचा' म्हणून फिरतो, गाडी सगळ्यांना आठवते, वर्ष कोणालाच नाही. पाटी वाचल्याशिवाय फॉरवर्ड करू नका, प्लीज.

बघून झालंच आणि डोळ्यासमोरून जात नसेल तर शब्दकोडं नको, टेट्रिस खेळा. मस्करी नाही. एमिली होम्स यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने लोकांना भयानक फिल्म दाखवली, अर्ध्या तासाने काहींना १० मिनिटं टेट्रिस दिलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. ठोकळे फिरवायला मेंदूची तीच चित्रं धरायची जागा लागते, दोन्ही एकदम मावत नाहीत. पुढच्या प्रयोगात शब्दांच्या प्रश्नमंजुषेने तो फायदा दिला नाही. पण हा प्रयोग फिल्म बघितलेल्यांचा होता, ज्यांच्या घरात खरंच पाणी शिरलंय किंवा माणूस गेलंय आणि महिना उलटून झोप नाही, त्यांनी गेम खेळत बसू नये, डॉक्टर गाठावा.

आणि वेळ मोजा. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर दिसलं की पुढच्या आठवड्यात रोज ६ तास किंवा जास्त त्याच बातम्या बघणाऱ्यांनी प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त ताण सांगितला. हे वाचलं तेव्हा मला आयेचं वाक्य आठवलं.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र वाडीच्या ग्रुपवर झाली, दोन वर्षं भांडून. व्हिडिओ बंद. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागून जी पाखाडी उतरते तिच्या पायऱ्या मोजल्यात, वरनं एक नंबर, आणि पाणी कुठल्या पायरीला आहे एवढंच लिहायचं, सोबत वेळ टाकायची. काही जण अजून वैतागतात, मजा गेली म्हणे. गेल्या पावसात रात्री साडेअकराला मेसेज आला, "नवव्या पायरीला, उतरतंय". मी वाचला आणि फोन चार्जिंगला लावून झोपले.