सह्याद्रीत जंगल उभं करताय? या चुका टाळा

जून उजाडला की फोन सुरू होतात. ‘पाचशे रोपं मिळालीत, कुठे लावू?’ मी विचारतो, ‘आत्ता त्या जागेवर काय आहे?’ उत्तर ठरलेलं: ‘काही नाही हो, नुसती झुडपं.’

या ‘नुसत्या झुडपां’पायी मी स्वतः तोंडावर आपटलोय. संगमेश्वरकडे एका मित्राची चार एकर उताराची जमीन. जुन्या मालकाने जळाऊ लाकडासाठी पुन्हा पुन्हा तोडलेली. आम्ही वीस उत्साही माणसं आणि चार गडी. कोयत्याने सगळा उतार चकाचक केला, दोरी लावून खड्डे घेतले, करंज, बहावा, कांचन लावले. फोटो झकास आले. पुढच्या मे महिन्यात गेलो तर बांबूच्या काठ्या तेवढ्या उभ्या. शेजारचे आजोबा गडग्यावर, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावर, बसून बघत होते. त्यांनी पायाने एक खुंट दाखवला. म्हणाले, ‘हा ऐन. तुम्हीच तोडलात.’

ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या जुन्या खुंटांना आलेले फुटवे आम्ही कचरा म्हणून छाटले होते. त्यांच्याखाली कित्येक वर्षांची मुळं होती, खोल ओलीपर्यंत गेलेली. पिशवीतलं वीतभर रोप त्यांची काय बरोबरी करणार? गडग्यापलीकडे आजोबांनी फक्त तोड थांबवली होती, तिथले फुटवे डोक्यावर गेले होते.

तेव्हापासून पहिल्या पावसाळ्यात मी एकही रोप लावत नाही. जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन फिरतो आणि दिसेल त्या फुटव्याला, आपोआप उगवलेल्या रोपाला एकेक बांधतो. वीस पावलांच्या चौकोनात दहा चिंध्या लागल्या तर कुदळ घरी ठेवायची. मग काम उरतं ते चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि गवत वाळायला लागलं की जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढण्याचं. हे कंटाळवाणं आहे आणि याचा फोटो येत नाही. म्हणूनच कुणाला नको असतं.

दुसरी चूक चिखलाची. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला जायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई आहे. २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राय त्याच जातकुळीची. चिखलात हवा नसते, म्हणून या झाडांची मुळं गुडघ्यासारखी वर येऊन श्वास घेतात. अशाच एका पाणथळीत मला विचारलं गेलं, ‘एक चर मारला तर आत नीट चालता येईल ना?’ येईल की! मग चालायला राई उरणार नाही. पाण्याखालचा पालापाचोळा फार सावकाश कुजतो. पाणी काढलं की तो भराभर कुजतो, आणि वाळला तर पेटतो. इंडोनेशियात कालीमंतानला १९९०च्या दशकात भातशेतीच्या नावाखाली सुमारे दहा लाख हेक्टर दलदलीच्या मुलखात कालवे खणले. भात धड पिकलं नाही. १९९७ मध्ये ती वाळलेली जमीनच पेटली. आता तेच कालवे बुजवत बसलेत. कुठे जुना चर असेल तर मीही तेच करतो, पण एकच दांडगा बांध घालत नाही. दगडमातीचे बुटके अडथळे, थोड्या थोड्या अंतरावर.

बाकीचं झटपट. कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, माती टाकून झाडं लावू नका. तो ओसाड नाही, पावसात तिथे ‘सीतेची आसवं’ ही इवली रानफुलं फुलतात. ‘लवकर वाढतं’ म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प ही परदेशी झाडं लावणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, नमस्कार करतो. गेल्या वर्षीच्या जांभळाच्या बियांचे बीजगोळे म्हणजे नुसते मातीचे गोळे. ते बी काही आठवड्यांतच मरतं. ५ जूनचा, पर्यावरण दिनाचा मुहूर्त तर सोडाच. मृग बरसू द्या, आणि आर्द्रा संपायच्या आत लागवड उरका.

आणि प्लॅस्टिकची पिशवी. घाईत ती रोपाबरोबरच पुरली जाते आणि मुळं आतल्या आत गरगरत राहतात. मी पिशवी ब्लेडने उभी चिरतो, तळाची गुंडाळलेली मुळं बोटभर कापतो आणि पिशवी खांद्यावरच्या गोणीत टाकतो. संध्याकाळी गोणी ओतून मोजणी. रोपं एकशेवीस आणि पिशव्या एकशेसतरा निघाल्या, तर अंधार पडायच्या आत तीन खड्डे पुन्हा उकरायचे.