फुफ्फुसातल्या सीड इम्प्लांटचा डोस काढताय? या चुका टाळा

आयोडीन-125 चे सीड म्हणजे साडेचार मिलिमीटर लांब आणि 0.8 मिलिमीटर जाड टायटॅनियमच्या बारीक बंद नळ्या, आत किरणोत्सारी आयोडीन, गाठीत पेरल्या की आतूनच रेडिएशन देतात. आपल्याकडे बीएआरसीने असे सीड बनवले ते मुख्यतः डोळ्याच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी, फुफ्फुसात ते टाकणं भारतात फारसं होत नाही. चीनमध्ये मात्र सीटीवर बघत छातीतून सुया घालून गाठीत सीड पेरायचं काम जोरात चालतं आणि त्यावरचे पेपर वाचून इकडची पोरं प्लॅन बनवायला बसतात. सॉफ्टवेअर गुणाकार कधीच चुकवत नाही हो, घोळ होतो तो आपण त्याला काय खायला घालतो तिथे.

सगळ्यात महागात पडणारी चूक युनिटची. चिनी पेपरात सीड मिलिक्युरीत किंवा मेगाबेकरेलमध्ये लिहिलेले असतात, टीजी-43 चं (सीडचा डोस काढायची एएपीएम या अमेरिकन संस्थेची ठरलेली पद्धत) गणित मात्र एअर केर्मा स्ट्रेंथवर, म्हणजे सीडमधून बाहेर पडणाऱ्या रेडिएशनच्या मापावर, यू या युनिटमध्ये चालतं, आणि आयोडीन-125 ला 1 मिलिक्युरी म्हणजे 1.27 यू. आता 0.7 मिलिक्युरीचा सीड घ्या, तो झाला 0.889 यू. 6711 या सीड मॉडेलचा डोस रेट कॉन्स्टंट (1 यू ला 1 सेंटिमीटरवर तासाला किती सेंटिग्रे) 0.965, म्हणजे सीडच्या मधोमध आडव्या दिशेला 1 सेंटिमीटरवर तासाला 0.858 सेंटिग्रे. हाफ लाइफ 59.4 दिवस, त्याला 1.443 ने गुणलं की सरासरी आयुष्य 85.7 दिवस म्हणजे साधारण 2057 तास, आणि एका सीडचा शेवटपर्यंतचा डोस येतो 17.6 ग्रे (डोसचं युनिट, 1 ग्रे म्हणजे 100 सेंटिग्रे). हे गणित कागदावर एकदा तरी करा, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं लागतात. कारण कोणी यू च्या खान्यात नुसतं 0.7 टाकलं तर सॉफ्टवेअर मुकाट्याने घेतं, स्क्रीनवर ठरवलेले 110 ग्रे छान दिसतात आणि पेशंटला जातात 140. उलटं झालं, मिलिक्युरीच्या खान्यात यू चा आकडा गेला, तर 110 चे 87 सुद्धा होत नाहीत. दोन्ही वेळेला प्लॅन दिसायला एकदम देखणा, डोसच्या रंगीत चित्रात, म्हणजे कलर वॉशमध्ये, काहीच कळत नाही.

तारखेचंही तसंच. सीडबरोबर येणाऱ्या सर्टिफिकेटवर जी स्ट्रेंथ असते ती एका ठराविक दिवसाची, इम्प्लांटच्या दिवसाची नाही, आणि हा माल आठवड्याला 8 टक्के उतरतो. केस पुढे ढकलली की प्लॅन नवीन तारखेवर परत चालवायचा, जुनाच प्रिंट काढून नाही चालत. त्यात 05/06 असं लिहिलेलं असलं की बघायलाच नको, आपण 5 जून वाचणार आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यात 6 मे, मधे 30 दिवस म्हणजे जवळजवळ 30 टक्के स्ट्रेंथचा फरक. महिना अक्षरात लिहायला सांगा, वाईटपणा घ्या पण सांगा.

सर्टिफिकेटवर डोळे झाकून विश्वासही नको, किमान 10 टक्के सीड वेल चेंबरमध्ये (सीड आत ठेवून स्ट्रेंथ मोजायचं यंत्र) मोजून बघा. पुण्या-नाशिकसारख्या उंचीवरच्या गावात असाल तर अजून एक बारकी गोम आहे, बाहेरच्या हवेला उघड्या असलेल्या चेंबरला दाब-तापमानाची नेहमीची करेक्शन लावली की आयोडीनसारख्या कमी एनर्जीला रीडिंग थोडं जास्तच येतं, त्याची वेगळी करेक्शन असते. मुंबईत शिकलेल्यांच्या हे ध्यानात राहत नाही, तिथे समुद्रसपाटी.

आता खरं फुफ्फुसाचं दुखणं. टीजी-43 सगळं शरीर म्हणजे पाणी असं धरतं. प्रोस्टेटमध्ये ते बऱ्यापैकी खपून जातं, फुफ्फुस मात्र निम्म्याहून जास्त हवा, घनता पाण्याच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आयोडीनचे फोटॉन सरासरी 28 केईव्हीचे, म्हणजे मऊ, टिश्यूत साधारण दोन सेंटिमीटरला निम्मे होणारे. गाठीबाहेर फुफ्फुसात शिरले की त्यांना अडवायला फारसं काही नसतं त्यामुळे लांबवर डोस कागदापेक्षा जास्त जातो, आणि गाठीच्या कडेला मागून परत येणारा स्कॅटर कमी झाल्यामुळे तिथे तो थोडा कमी पडू शकतो. बरगडीचं प्रकरण उलटं, एवढ्या कमी एनर्जीला कॅल्शियम फोटॉन गिळूनच टाकतं, म्हणजे हाडात डोस जास्त आणि हाडाच्या मागे सावली. गाठ बरगडीला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर माँटे कार्लो (एकेक फोटॉनचा प्रवास कॉम्प्युटरवर चालवून काढलेला डोस) किंवा टीजी-186 मध्ये (एएपीएमचाच रिपोर्ट, टिश्यूतला फरक धरणारा) सांगितलंय तसं मॉडेलवर आधारित गणित शेजारी ठेवून बघा, पण म्हणून प्रिस्क्रिप्शनचा आकडा मनाने बदलू नका, कारण ते 110 ते 160 ग्रे वगैरे आकडे पाण्यातल्याच हिशोबावर बसलेत. प्रोस्टेटमध्ये टीजी-43 आल्यावर 160 चे 144 झाले, डोस तोच होता, मोजायची पद्धत बदलली होती.

कंटूर म्हणजे सीटीवर गाठीची कड काढताना विंडो (सीटीच्या काळ्या-पांढऱ्या छटांचं सेटिंग) कोणती लावलीय ते बघा. लंग विंडोत गाठ फुगलेली दिसते, मिडियास्टिनमच्या विंडोत बारीक, आणि डी90 (गाठीच्या 90 टक्के भागाला किमान मिळणारा डोस) तर कंटूरवरच अवलंबून, त्यामुळे इम्प्लांटआधीचा प्री-प्लॅन एका विंडोत आणि नंतरचा पोस्ट-प्लॅन दुसऱ्या विंडोत असला तर दोन डी90 ची तुलना करण्यात काही अर्थच उरत नाही.

पोस्ट-प्लॅनमध्ये सीड शोधताना 5 मिलिमीटरची स्लाइस घेतली की एकच सीड दोन स्लाइसमध्ये दिसतो आणि सॉफ्टवेअर दोन मोजतं, किंवा चिकटलेले दोन सीड एकच पांढरा ठिपका होऊन बसतात. पातळ स्लाइस घ्या, विंडो हाडाची लावा, आणि आकडा ओटीतल्या नोंदीशी जुळवा. प्री-प्लॅन उताण्या पेशंटवर आणि इम्प्लांट पालथ्यावर, श्वास एकदा भरलेला एकदा सोडलेला, असलंही करू नका. अंतराची किंमत बघा ना, वरचाच सीड अर्ध्या सेंटिमीटरवर सत्तर ग्रेच्या वर देतो आणि दोन सेंटिमीटरवर साडेतीनच्या आसपास. त्यात सुईने न्यूमोथोरॅक्स (छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साचून फुफ्फुस आकसणं) झाला असेल तर लगेचच्या सीटीवरची गाठ सरकलेली असते, फुफ्फुस फुगल्यावर परत सीटी करून डोस पुन्हा काढावा लागतो.

महिन्याने सीटी केला, गाठ तेवढीच आहे, अजून सीड टाकूया का, असं बरेचदा विचारलं जातं. अहो, 30 दिवसांत जेमतेम 30 टक्के डोस पोचलेला असतो, दोन महिन्यांनी निम्मा, सहा महिन्यांनी 88 टक्के. आणि आधी बाहेरून 60 ग्रे दिलेत म्हणून ते 110 मध्ये मिळवून 170 असंही लिहू नका, इथे सुरुवातीचा रेटच तासाला साडेपाच सेंटिग्रेच्या आत, पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो, बीईडी (पेशींवरच्या परिणामाच्या हिशोबातला डोस) काढल्याशिवाय बेरीज होत नाही.

सीड मोजणीत एखादा कमी भरला तर आधी सर्व्हे मीटर घेऊन सुया, ट्रे, ड्रेसिंग, कचऱ्याची पिशवी आणि जमीन बघा, मग थुंकी, कारण खोकल्यातून सीड बाहेर पडतात. तिथेही नसेल तर छाती-पोटाचा एक्स-रे काढा, रक्तातून वाहत दुसरीकडे जाऊन बसलेला सापडू शकतो. तो सीड गाठीच्या प्लॅनमधून काढून डोस परत चालवा आणि जिथे सापडला ती जागा रिपोर्टमध्ये लिहा.