घराचे छप्पर आणि आग: पत्रा, माळवद किंवा स्लॅबचे काम काढताना या चुका टाळा

मार्च सरत आला की सोलापुरातील फॅब्रिकेशनच्या दुकानांसमोर अँगल आणि पत्र्यांचे ढीग लागतात. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या या शहरात गच्चीवर सावली असावी, खालच्या खोल्या तापू नयेत आणि पुढे पावसाळ्यात स्लॅब गळू नये, या तिन्ही गरजा एकाच शेडमधून भागवण्याचा विचार अगदी रास्त आहे. मात्र शेड ठरवताना कोणी आगीचा विषय काढलाच, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "अहो साहेब, पत्रा कुठे जळतो?" घरांच्या छपरांची पाहणी करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की पुढील बहुतेक चुकांचे मूळ मला त्यातच दिसते.

पत्रा जळत नाही, हे खरे आहे. परंतु न जळणे वेगळे आणि आगीपुढे तग धरणे वेगळे. भिंत किंवा छत आगीत किती वेळ टिकते हे भारतीय मानक ३८०९ प्रमाणे भट्टीवर तपासतात, तेव्हा तीन गोष्टी पाहिल्या जातात: ते कोसळते का, त्यात फटी पडून ज्वाळा किंवा तापलेले वायू पलीकडे जातात का, आणि आगीच्या उलट बाजूचे तापमान सुरुवातीच्या तापमानापेक्षा सरासरी १४० अंशांहून अधिक चढते का. उघडा लोखंडी पत्रा या तिसऱ्या कसोटीवर काही मिनिटांतच नापास होतो, कारण खालची उष्णता तो जवळजवळ जशीच्या तशी वर पोहोचवतो. ज्या अँगलवर तो बसवलेला असतो, त्या पोलादाची जवळपास निम्मी ताकद ५५० अंशांच्या आसपास गेलेली असते, आणि भडकलेल्या खोलीचे तापमान त्याच्याही बरेच वर जाते.

नियमांचा रोखही हाच आहे. सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि अग्निसुरक्षेच्या बाबतीत ती राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या चौथ्या भागाचा आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ चा आधार घेते. २०१६ च्या संहितेत बांधकामाचे चार प्रकार पाडले असून खांब, तुळई, भिंत, छत अशा प्रत्येक घटकाने आगीत किती काळ टिकावे हे तासांत दिलेले आहे. म्हणून "पत्रा कोणत्या कंपनीचा घेऊ?" या प्रश्नाने फारसे काही साधत नाही, पत्रा, त्याखालचा सांगाडा, मधला थर आणि आतले सिलिंग मिळून जे छप्पर तयार होते ते किती वेळ उभे राहील, हे विचारायला हवे.

थर्माकोलचे सिलिंग

पत्रा तापतो म्हणून त्याच्या खालून थर्माकोलच्या शीट चिकटवणे ही मी पाहिलेली सर्वांत सर्रास आणि सर्वांत घातक चूक आहे. थर्माकोल १०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो, आणि पेटला तर त्याचे जळते थेंब खाली अंथरुणावर, कपड्यांवर पडतात. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पफ पॅनेल दिसायला नेटके असले तरी तो फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असे विषारी वायू बाहेर पडतात, तर पीव्हीसीच्या पट्ट्यांच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. अशा खोलीत झोपलेल्या माणसाला ज्वाळा गाठण्यापूर्वी धूरच गाठतो. त्यात पत्रा आणि सिलिंग यांच्यामधली सलग पोकळी म्हणजे आगीला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यासाठी तयार वाटच होय.

विक्रेता अनेकदा पॅनेलचा तुकडा हातात धरून त्याला काडी लावून दाखवतो. काडी बाजूला घेताच ज्योत विझते आणि गिऱ्हाइकाची खात्री पटते. या प्रयोगातून एवढेच कळते की लहानशा ज्योतीने तो तुकडा सहज पेट घेत नाही. त्याला "फायर रिटार्डंट" म्हणता येईल, परंतु त्यावरून ते "फायर रेझिस्टंट", म्हणजे आगीत ठरावीक वेळ तग धरणारे, छप्पर ठरत नाही. दुकानदाराकडे चाचणीचा अहवाल मागावा आणि त्यात चाचणी कोणत्या मानकाप्रमाणे झाली, नमुन्याची जाडी किती होती, आणि तपासले ते संपूर्ण पॅनेल होते की केवळ वरचा पत्रा, या तीन गोष्टी वाचून घ्याव्यात.

उष्णता रोखायची असेल तर पत्र्याखाली रॉकवूलचा थर, त्याखाली धातूच्या फ्रेमवर स्क्रूने बसवलेला जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर ती पोकळी बंद करणारा न जळणारा आडोसा, अशी रचना करावी. रॉकवूल हजार अंशांपर्यंतही वितळत नाही. पैसे कमी असतील तर सिलिंगचा हट्ट सोडून पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा, पण थर्माकोलकडे वळू नये. गच्चीवरची हिरवी जाळी आणि प्लास्टिकची ताडपत्री हीदेखील पेट घेणारी छपरेच आहेत. दिवाळीत एखादा रॉकेट बाण भरकटून त्यांवर पडला तर काय होईल याचा विचार ती बांधतानाच करावा.

माळवद: जुन्या छपरातले चांगले कोणते आणि धोक्याचे कोणते

सोलापुरातील कसबा आणि पेठांमधील जुन्या घरांना अजूनही माळवद आहे. भिंतींवर सागवानी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची घडण असते. बाहेरून उडून आलेली ठिणगी या मातीवर पडून विझून जाते. आतून आग लागली तरी जाड तुळई लगेच मोडत नाही, कारण लाकूड दर मिनिटाला साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर या गतीने कोळसत जाते आणि वरचा कोळशाचा थर आतल्या गाभ्याला काही काळ जपतो. उघड्या, बारीक अँगलपेक्षा अशी तुळई आगीत अधिक वेळ उभी राहू शकते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

हे सगळे बळ आपणच तीन प्रकारे घालवतो. पहिला प्रकार असा, की गळती थांबवण्यासाठी वरची माती काढून टाकायची, वर पत्रा टाकायचा आणि खालचे वाळलेले लाकूड, काटक्या व पाला तसेच ठेवायचे. मातीचे आवरण गेल्यावर पत्र्याखाली उरतो तो कोरड्या सरपणाचा थर. माती काढायची असेल तर तिच्याबरोबर पाला आणि काटक्याही काढाव्यात, तुळयांची वाळवी तपासावी आणि मगच नवे छप्पर चढवावे. दुसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे. दरवर्षी मृगाच्या आधी जुन्या मातीवर नवी माती टाकत गेल्याने थर हातभर जाडीचा होतो आणि खालच्या तुळया वाकू लागतात. आग लागल्यावर कोळसून बारीक होणाऱ्या तुळईवर हाच भार असतो, त्यात अग्निशमन दलाने मारलेले पाणी मातीत मुरून तो आणखी वाढतो, आणि छप्पर आत गेलेल्या जवानांच्या अंगावर येऊ शकते. नवी माती टाकण्यापूर्वी जुनी तेवढीच खरवडून काढणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

तिसरा प्रकार सवण्याचा, म्हणजे माळवदात ठेवलेल्या झरोक्याचा आहे. कसब्यातील एका वाड्यात स्वयंपाकघराच्या सवण्यावर पिवळी पडलेली फायबरची शीट टाकलेली मी पाहिली. गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर तिची एक कड तपकिरी होऊन खाली लोंबत होती, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून दिव्याच्या वायरलाच बांधलेली होती. घरातल्या आजी म्हणाल्या, "मांजर पडतंय वरनं, म्हणून लावलंय बाळा." मांजर पडू नये ही गरज खरीच होती, पण धूर आणि उष्णता बाहेर काढण्यासाठी वाडवडिलांनी ठेवलेली वाट त्या शीटने बंद झाली होती आणि त्याच वाटेवर पेट घेणारी वस्तू टांगली गेली होती. सवण्याला लोखंडी जाळी बसवावी, पावसासाठी तिच्यावर वीतभर उंच पायांवर पत्र्याची टोपी ठेवावी, आणि तुळईवरून लाकडी पट्टीत नेलेली जुनी वायर काढून ती भिंतीवरून धातूच्या पाइपातून न्यावी. तुळयांना आगीत फुगून संरक्षक थर धरणारा रंग देता येतो. मात्र आधीचा ऑइलपेंट किंवा व्हार्निश पूर्ण खरवडल्याशिवाय तो देऊ नये, अन्यथा आगीत तो रंग सुटून पडतो.

स्लॅबविषयी थोडक्यात सांगायचे तर सळईवरचे काँक्रीटचे आवरण हेच तिचे आगीपासूनचे कवच असते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे स्लॅबमध्ये ते किमान २० मिलिमीटर लागते आणि अधिक तास टिकायचे असेल तर वाढवावे लागते. गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर वर शेड टाकून तो दोष झाकू नये. सिमेंटचा पत्रा जळत नाही, पण तापल्यावर तडतडून फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतू असतात, त्यामुळे आगीनंतरचे तुकडे कोरडे झाडू नयेत. पाणी मारून ओले करावेत, तोंडाला मास्क लावावा आणि मगच ते उचलावेत.

घर आणि कारखाना एकाच छपराखाली

शहराच्या पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड ही रचना पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत १८ मे २०२५ च्या पहाटे टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचे प्राण गेले. मृतांमध्ये तेथेच राहणाऱ्या कुटुंबातील लहान मूलही होते. त्या दिवसापासून अशा घरात पाहणीला गेलो की मी छपराआधी जिना पाहतो. वरून खालच्या कामाच्या जागेतच उतरणारा एकमेव जिना, गच्चीच्या दाराला कुलूप आणि खिडक्यांना पक्के गज असतील, तर छप्पर कितीही तास टिकले तरी माणसे बाहेर पडू शकत नाहीत. माग आणि राहती जागा यांच्यामध्ये पत्र्याचे किंवा प्लायचे पार्टिशन न ठेवता वीट-काँक्रीटची भिंत व स्लॅब असावा, जिना बाहेरून असावा, आणि गच्चीचे दार आतून किल्लीशिवाय उघडता यावे.

दुसरी बाब सुतातून उडणाऱ्या बारीक तंतूंची. ते अँगलवर आणि पत्र्याच्या नळ्यांमध्ये साचतात, आणि एका टोकाला ठिणगी पडली तर त्यांच्यावरून ज्योत डोळ्यांदेखत दुसऱ्या टोकाला पोहोचते. यंत्रे चालू असताना कॉम्प्रेसरची हवा मारून ते उडवू नयेत, कारण ते पुन्हा छपरावरच जाऊन बसतात. यंत्रे बंद करून ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावेत. २००६ च्या अधिनियमाच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींच्या मालकांनी अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यायचे असते. ते घेताना छपराखालचा भागही तपासून घ्यावा.

छपराचे काम चालू असतानाची आग हा तर सर्वस्वी टाळता येण्याजोगा प्रसंग आहे. वेल्डिंगची ठिणगी दहा मीटरपर्यंतही जाऊ शकते आणि सुताच्या ढिगात किंवा गादीत तासभर नुसती धुमसत राहू शकते. काम संपल्यावर वेल्डर लगेच निघून जातो, आणि आग लागते ती घर जेवायला बसल्यावर. काम सुरू करण्यापूर्वी खालचे सामान हलवावे, पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात आणि शेवटच्या ठिणगीनंतर किमान एक तास तेथे माणूस बसवावा. छपरावर सोलर बसवताना पॅनेलच्या वायरी पत्र्याच्या धारेवरून ओढू नयेत आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घुसवू नयेत, कारण डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची ठिणगी एकदा धरली की आपोआप तुटत नाही.

परदेशी लेबल आणि आपले कागद

बंगल्यांच्या उतरत्या छपरांसाठी येणाऱ्या शिंगल्सवर, म्हणजे पातळ चपट्या तुकड्यांवर, "क्लास ए" ही आगीसाठीची सर्वांत वरची श्रेणी लिहिलेली असते. अमेरिकेत वणव्याच्या उडत्या ठिणग्यांनी वस्त्याच्या वस्त्या जळाल्यामुळे तेथील अनेक स्थानिक संस्थांनी छपरांवर ही अट घातली, आणि लॉस एंजेलिस शहराने १९८९ मध्ये लाकडी पातळ फळ्यांची छपरे नव्याने घालण्यावर बंदी आणली. ही श्रेणी बाहेरून छपरावर पडणाऱ्या आगीसाठीची आहे. आपल्याकडे आग बहुधा गॅस, वायरिंग किंवा कामाच्या मालामुळे आतून लागते, आणि त्याविषयी हे लेबल काहीही सांगत नाही.

परवानगीच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होणारी चूक म्हणजे पावसाळ्यापुरते म्हणून टाकलेले शेड कायम ठेवणे. पावसाळ्यात गच्ची झाकण्यासाठी तात्पुरती परवानगी देण्याची तरतूद नियमावलीत आहे, पण तिला मुदत असते. चारही बाजू बंद करून तेथे खोली केली तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस येऊ शकते. नोटीस आल्यास ती बाजूला न ठेवता परवानाधारक अभियंत्याकडून प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा करून घ्यावा आणि त्यात छपराचे सर्व थर जाडीसह लिहावेत. विम्याचा अर्ज भरतानाही तीच काळजी घ्यावी. गवत, बांबू, प्लास्टिक, कॅनव्हास किंवा ताडपत्रीचे छप्पर असलेले बांधकाम विम्याच्या भाषेत कच्चे ठरते. पक्क्या घरावर असे शेड नंतर उभारले असेल तर ते कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर दाव्याच्या वेळी त्यावरूनच वाद उभा राहतो.

ज्यांच्या घरी यांतल्या काही चुका आधीच होऊन गेल्या आहेत, त्यांनी सगळे छप्पर एकदम उचकटायची गरज नाही. स्वयंपाकघर आणि जिना यांच्यावरचे थर्माकोल किंवा पीव्हीसीचे सिलिंग आधी काढावे, कारण आग सुरू होण्याची आणि पळून जाण्याची जागा तीच आहे. त्यानंतर छपराखालची वायरिंग बदलून विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवावा. झोपण्याच्या खोल्यांचे सिलिंग पुढच्या उन्हाळ्यापूर्वी करता येईल. गच्चीच्या दाराचे कुलूप मात्र आज रात्री झोपण्यापूर्वीच काढून त्या जागी आतून उघडणारी कडी लावावी, आणि १०१ हा क्रमांक घरातल्या लहान मुलांकडूनही पाठ करून घ्यावा.