सेकंडहँड मोटरसायकलची बॅटरी कमजोर वाटते? बदलण्याआधी या चुका टाळा

वापरलेली मोटरसायकल घरी आणल्यावर पहिल्या काही दिवसांतच सकाळी सेल्फचे बटण दाबताच इंजिन जडपणे फिरू लागले, हेडलाइट मंदावला किंवा मीटरचे आकडे क्षणभर विझले, की बहुतेक जण बॅटरी गेली असे समजून नवी बॅटरी बसवून मोकळे होतात. काही वेळा तेवढ्यावर भागतेही. पण ही लक्षणे चार निरनिराळ्या बिघाडांत सारखीच दिसतात. बॅटरी खरोखर जीर्ण झालेली असू शकते, बॅटरी बरी असूनही गाडी तिला पुरेसे चार्ज करत नसेल, गाडी उभी असताना कुठूनतरी वीज झिरपत असेल, किंवा बॅटरीत दम असूनही सैल टर्मिनल आणि गंजलेली अर्थिंग (नकारात्मक केबलची चॅसीशी जोडणी) तो स्टार्टरपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत, पोहोचू देत नसेल. नवी बॅटरी यांपैकी फक्त पहिल्या बिघाडावरचा उपाय आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बिघाडात नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जाते. पहिल्यापासून आपल्याच हातात असलेल्या गाडीचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. सेकंडहँड गाडीच्या वायरिंगला कोणी कधी हात लावला, हे मात्र मोजूनच कळते. त्यासाठी व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजणारा एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

सौद्याच्या वेळी गाडी चटकन सुरू झाली, यावर विसंबणे

गाडी दाखवण्यापूर्वी बॅटरी रात्रभर चार्जरला लावलेली असू शकते, किंवा गाडी नुकतीच फिरवून आणलेली असू शकते. गरम इंजिन थंड इंजिनापेक्षा कितीतरी कमी ताकदीत फिरते. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर सर्वांत आधी इंजिनाजवळ हात नेऊन ते थंड आहे का हे पाहावे आणि पहिला सेल्फ स्वतःच मारावा. किक असलेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या बॅटरी अगदी मरतुकडी असली तरी किकवर सुरू होतात, त्यामुळे तिथे हा दोष महिनोन्महिने झाकलेला राहतो. इंधन इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि ईसीयू (इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण केंद्र) यांनाच बॅटरी लागते, म्हणून तिथे तो लपत नाही.

सीट उघडून बॅटरी प्रत्यक्ष पाहण्याचा कंटाळाही करू नये. तिच्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष बहुधा छापलेले असते, आणि लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण 3 ते 5 वर्षांचे धरले जाते. बॅटरीच्या बाजूला रबराचे तुकडे किंवा फोम कोंबलेला दिसला, तर मूळ मापापेक्षा लहान बॅटरी बसवल्याची शंका घ्यावी आणि तिच्यावरची अँपिअर-अवरची (किती वीज मावते याची) संख्या गाडीच्या पुस्तिकेतील संख्येशी ताडून पाहावी. बॅटरीच्या भिंती फुगलेल्या असतील, तर ती बॅटरी बाद आहे हे तर खरेच, शिवाय गाडी तिला गरजेपेक्षा जास्त चार्ज करत असण्याची शक्यताही आहे. तो दोष आधी शोधावा लागतो.

फिरून आल्याबरोबर व्होल्टेज मोजणे

सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते. गाडी चालवून किंवा चार्जर काढून लगेच मीटर लावला, तर जवळपास कोणतीही बॅटरी 13 व्होल्टच्या आसपास दाखवते. हा वरवरचा चार्ज असतो आणि तो काही तासांत ओसरतो. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून, सकाळी किल्ली फिरवण्याआधी, मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवून मोजावे. 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत साधारण 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.4 च्या आसपास म्हणजे तीन चतुर्थांश, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धा आणि 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. एजीएम (द्राव काचतंतूंच्या थरात शोषलेला असलेल्या) प्रकारच्या बंद बॅटरीत पूर्ण चार्जचा आकडा थोडा वर, 12.8 ते 13 असा असतो.

एक आकडा मात्र वेगळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पूर्ण चार्ज करूनही बॅटरी 10.5 व्होल्टच्या आसपासच थांबत असेल, तर तिचा एक सेल मेला आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. आत प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्टचे सहा सेल असतात आणि त्यांतील एक बसला की उरलेल्या पाचांचे मिळून तेवढेच होतात. अशा बॅटरीला पुन्हा पुन्हा चार्जरला लावण्यात अर्थ नाही. पाणी घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटरनेही, म्हणजे द्रावाची घनता मोजणाऱ्या नळीनेही, हे दिसते. पूर्ण चार्जला द्रावाची घनता 1.26 ते 1.28 च्या दरम्यान असावी, आणि एकच सेल इतरांपेक्षा 0.05 ने मागे राहत असेल, तर दोष त्या सेलमध्ये आहे.

याउलट, 12.7 व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी निरोगी आहे असेही ठरत नाही. उभ्या बॅटरीचे व्होल्टेज ती किती भरली आहे एवढेच सांगते, तिच्यात किती मावते हे सांगत नाही. गाळाने अर्धी भरलेली टाकीही काठोकाठ भरलेलीच दिसते. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. मग ती भराभर भरते आणि तितक्याच भराभर रिकामी होते. विक्रीसाठी बराच काळ एका जागी उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास घडलेले असते. त्यामुळे खरी परीक्षा भाराखालीच घ्यावी लागते. मीटर टर्मिनलला लावलेला ठेवून सेल्फ मारावा आणि त्या क्षणी आकडा कुठपर्यंत घसरतो ते पाहावे. पूर्ण चार्ज असलेली चांगली बॅटरी सहसा 10 व्होल्टच्या वर राहते. ती 9.6 च्या खाली जात असेल आणि सेल्फ सोडल्यावरही रेंगाळत वर येत असेल, तर ती थकली आहे. ही चाचणी अर्धवट चार्ज असलेल्या बॅटरीवर घेऊन निकाल लावू नये. आधी ती चार्जरवर पूर्ण भरावी, काही तास तशीच ठेवावी आणि मगच तपासावी.

आधीच्या मालकाने लिथियम बॅटरी बसवली असेल, तर वरचे आकडे लागू पडत नाहीत. तिचे पूर्ण चार्जचे व्होल्टेज 13.2 ते 13.4 च्या आसपास असते आणि 12.8 व्होल्ट म्हणजे ती बरीच उतरलेली असते. तिला लिथियमसाठीचाच चार्जर लावावा.

प्रत्येक शांततेचा दोष बॅटरीला देणे

सेल्फचे बटण दाबल्यावर काय ऐकू येते, याकडे नीट लक्ष द्यावे. रिलेतून (बटण दाबताच स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचमधून) भराभर टकटक असा आवाज येत असेल, तर स्टार्टरचा भार पडताच व्होल्टेज कोसळत आहे, म्हणजे बॅटरी उतरलेली आहे किंवा एखादा जोड सैल आहे. एकच ठाम ‘टक्’ येऊन पुढे काहीच होत नसेल आणि हेडलाइटही मंदावत नसेल, तर संशय रिलेच्या जळालेल्या संपर्कांवर किंवा स्टार्टरच्या घासलेल्या ब्रशवर जातो. काहीच आवाज नाही आणि दिवे मात्र लख्ख, अशा वेळी किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच आणि न्यूट्रलचा दिवा आधी तपासावा. नव्याने हातात आलेल्या गाडीत हे स्विच कुठे आहेत आणि कोणत्या क्रमाने चालतात, याची आपल्याला सवय नसते, आणि त्यापायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात.

टर्मिनल नुसते डोळ्यांनी पाहून सोडणे

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर ती दिसते, पण पुष्कळदा खराबी न दिसणाऱ्या जागी असते. नकारात्मक केबलचे दुसरे टोक इंजिनावर किंवा चॅसीवर ज्या बोल्टने आवळलेले असते, तिथे रंग, गंज आणि चिखल यांचा थर साचतो. ते ओळखण्याची खात्रीची पद्धत अशी की मीटरची एक पिन बॅटरीच्या नकारात्मक खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. आकडा 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आला, तर तेवढे व्होल्टेज त्या वाटेतच खर्ची पडत आहे. हीच चाचणी सकारात्मक खुंटी आणि स्टार्टरची खुंटी यांच्यामध्ये घ्यावी. मध्ये रिले असल्याने तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते.

साफसफाईसाठी टर्मिनल सोडताना नेहमी नकारात्मक केबल आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी, म्हणजे सकारात्मक बोल्ट खोलताना पाना चॅसीला लागला तरी शॉर्ट होत नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पूड निघते, मात्र ते पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नये. जागा कोरडी करून, बोल्ट आवळून, वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा.

चार्जिंग तपासताना इंजिन आयडलवरच ठेवणे

मोटरसायकलचा स्टेटर (इंजिन फिरताना वीज तयार करणारे वेटोळे) कमी फेऱ्यांवर फारच थोडी वीज देतो, त्यामुळे हेडलाइट चालू असताना आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, 13 व्होल्टच्या खालचा आकडा दिसला तरी तो दोष असेलच असे नाही. फेऱ्या मिनिटाला 4000 ते 5000 पर्यंत नेऊन बॅटरीवर मोजावे. बहुतेक गाड्यांत 13.5 ते 14.8 व्होल्टच्या दरम्यानचा स्थिर आकडा अपेक्षित असतो, आणि नेमकी मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असते. फेऱ्या वाढवूनही आकडा 13 च्या वर जात नसेल, तर चार्जिंगमध्ये बिघाड आहे. तो 15 च्या पुढे जात असेल, तर स्टेटरची वीज बॅटरीजोगी करून तिचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर निकामी होत आहे आणि तोच बॅटरी उकळवून फुगवतो आहे. वारंवार बल्ब उडणे हीही त्याचीच खूण.

या टप्प्यावर सरळ महागडे भाग बदलू नयेत. स्टेटरकडून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या वायरींचा कपलर (प्लास्टिकचा जोड) आधी उघडून पाहावा. त्याचे प्लास्टिक तपकिरी पडलेले किंवा वितळलेले असेल, तर दोष कित्येकदा तिथेच सापडतो. कपलर ठीक असेल, तर इंजिन बंद ठेवून स्टेटरच्या तिन्ही एकाच रंगाच्या वायरींमध्ये, दोन-दोन करून, रोध मोजावा. तो लहान आणि तिन्ही जोड्यांत सारखा असावा, आणि कोणतीही वायर चॅसीशी जोडलेली दाखवू नये. मग कपलर सोडलेल्या स्थितीत इंजिन चालू करून एसी व्होल्टेज घ्यावे. तीन जोड्यांपैकी एक मागे पडली, तर स्टेटरचे वेटोळे जळाले आहे. तिन्ही सारख्या असून बॅटरीला मात्र चार्ज मिळत नसेल, तर रेग्युलेटरकडे वळावे.

चालू इंजिनात बॅटरीची केबल काढून गाडी चालू राहते का ते पाहण्याची जुनी पद्धत अजूनही वापरली जाते. ती कृपया कोणीही करू नये आणि कोणाला करू देऊ नये. बॅटरी बाजूला होताच व्होल्टेज उसळते आणि ईसीयू, मीटर किंवा रेग्युलेटर एका क्षणात जळू शकतो.

झिरपणारी वीज न मोजणे

चार दिवस उभी राहिली की गाडी सुरू होत नाही, रोज चालवली तर होते, अशी तक्रार असेल तर ही चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. किल्ली बंद करून नकारात्मक केबल काढावी, मीटर 10 अँपिअरच्या श्रेणीवर ठेवावा, त्याची लाल पिन त्यासाठीच्या वेगळ्या सॉकेटमध्ये घालावी आणि मीटर खुंटी व केबल यांच्या मध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना किल्ली किंवा सेल्फ चालू करू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज उडतो. एक-दोन मिनिटे थांबून आकडा स्थिरावल्यावर लहान श्रेणीवर यावे. घड्याळ आणि ईसीयूची स्मृती यांसाठी एक-दोन मिलिअँपिअर जाणे स्वाभाविक आहे. अलार्म किंवा ट्रॅकर असल्यास थोडे जास्त जाते. पण 50 मिलिअँपिअर जात असतील, तर दिवसाला 1.2 अँपिअर-अवर खर्च होतात, आणि 6 अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी अडीच दिवसांत निम्म्यावर येते.

मग फ्यूज एकेक करून काढत जावेत. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या वाटेवर दोष आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर वीज थेट बॅटरीवरून घेतलेल्या एखाद्या जोडणीतून किंवा रेग्युलेटरच्या बिघडलेल्या डायोडमधून जात आहे. रेग्युलेटरचा कपलर सोडून पाहिल्यास ते लगेच कळते. सेकंडहँड गाडीत पहिला संशय सीटखालच्या त्या वायरींवर घ्यावा, ज्यांचे मूळ आवरण सोलून वर दुसरी वायर पिळलेली असते आणि काळी टेप गुंडाळलेली असते. मोबाइल चार्जरचे सॉकेट, जादा दिवे, अलार्म, मोठा हॉर्न हे सारे असेच जोडलेले आढळते. काही गाड्यांत किल्लीला पार्किंगची वेगळी खूण असते आणि किल्ली तिथपर्यंत फिरवून काढली, तर मागचा दिवा रात्रभर जळत राहतो, हेही नव्या मालकाने पाहून घ्यावे.

चार्ज करताना होणारी हयगय

बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या एक दशांश प्रवाहाने चार्ज करावे, म्हणजे 9 अँपिअर-अवरला सुमारे 0.9 अँपिअर. मोटारीचा मोठा चार्जर लहान बॅटरीला तापवतो. जागा हवेशीर असावी, कारण चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड कधीही नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरते आधी घालून, खुणेपर्यंतची पातळी चार्ज झाल्यावर पूर्ण करावी. बंद बॅटरीचे झाकण उघडू नये. मोटारीच्या बॅटरीला केबल जोडून गाडी सुरू करायची (जंप करायची) वेळ आली, तर मोटारीचे इंजिन बंद ठेवूनच करावे.

या तपासण्यांनंतर बॅटरीच दोषी ठरली, तर नवी घेताना मूळ माप, अँपिअर-अवर आणि टर्मिनलची बाजू ही तिन्ही जुळवावीत. बाजू उलटी असेल, तर केबल ताणून बसवण्याच्या नादात धन-ऋण उलटे लागण्याचा धोका असतो. पाणी घालायच्या बॅटरीला वाफ बाहेर नेणारी नळी असते. ती चेन आणि चॅसीपासून दूर, खालपर्यंत नेऊन सोडावी. नवी बॅटरी बसवलेल्या दिवशी उभे, सेल्फ मारतानाचे आणि 5000 फेऱ्यांवरचे व्होल्टेज मोजून कागदावर लिहून ठेवावे आणि आठवड्याभराने तेच तीन आकडे पुन्हा घ्यावेत. उभे व्होल्टेज खाली सरकलेले दिसले, तर चार्जिंगची आणि झिरपणाऱ्या विजेची तपासणी त्याच दिवशी पुन्हा हाती घ्यावी.